मुक्या बोलीची पंगत

कल्लाप्पा हावळला नीट ऐकू यायला लागलं तर आपला फायदा किती, याचा हिशेब मालनने तो ऐकू येण्याचा चष्मा घरात येण्याच्या आठवडाभर आधीच मनात मांडून ठेवला होता. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचं बंद. टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, तो घरापुरता राहणार. बँकेत, दवाखान्यात, कुणाच्या मयताला आणि कुणाच्या लग्नाच्या सुपारीला नवऱ्याच्या समोर उभं राहून 'ते असं म्हणतात' हे सांगायची चाळीस वर्षांची ड्युटी संपणार. बहिणीकडे चार दिवस राहता येईल. तोट्याच्या बाजूला तिने काहीच धरलं नव्हतं. म्हणजे एक गोष्ट होती, पण ती अकरा वर्षांपूर्वीची. इतकं जुनं काही हिशेबात घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. माणूस असं ठरवतो तेव्हा दिवसभर डोक्यात तेवढी एकच गोष्ट असते.

कल्लाप्पाचं वय सहासष्ट. सोळाव्या वर्षी तो इचलकरंजीत यंत्रमागावर उभा राहिला, तेव्हा एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग होते आणि प्रत्येक मागाचा धोटा मिनिटाला दीडशे वेळा या टोकाकडून त्या टोकाला आपटत होता. अशा ठिकाणी ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून मागावरची माणसं आवाज काढतच नाहीत. तोंड मोठं उघडायचं, ओठ ताणून एकेक शब्द घडवायचा, जोडीला दोन बोटं हलवायची, की सहा मागांच्या पलीकडच्याला कळतं. मालन त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला होती. 'लग्न करतीस काय' हे कल्लाप्पाने तिला सहा मागांच्या पलीकडून विचारलं आणि 'आईला विचारून सांगतो' हे तिने तिथूनच कळवलं. दोघांच्या मध्ये बसलेल्या मुकादमाला पत्ता नव्हता.

लग्नानंतर ही मुकी बोली घरात आली आणि घरातच राहिली. कल्लाप्पाचे कान जात गेले तशी तिची गरज वाढत गेली. ती दोघांपुरतीच होती, मुलीलाही कधी आली नाही. पाहुण्यांना वाटायचं, या नवराबायकोचा अबोला आहे. प्रत्यक्षात पाहुण्यांच्या देखत त्यांच्याबद्दलच बोलणं चाललेलं असायचं. 'हा चहा पिऊन उठायचा नाही, जेवणाचं बघतीस काय?' तो विचारायचा. 'बघतो, पण तुमी आग्रह करू नका,' ती सांगायची. पाहुण्याची उणीदुणी त्याच्या तोंडावर काढायची सोय ज्या घरात असते, त्या घरात आपापसात भांडण कमी होतं.

बाहेरच्या माणसाचे ओठ मात्र कल्लाप्पाला वाचता यायचे नाहीत. बाहेरची माणसं ओठ न हलवता बोलतात, मान फिरवून बोलतात, तोंडात सुपारी धरून बोलतात. तिथं मालन त्याचे कान व्हायची. ऐकायची, आणि ओठांवर त्याला सांगायची. ती सांगायची ते सगळं खरं असायचं. फक्त सगळं नसायचं. लांबलेलं आटोपशीर करायची, तिखट जरा कमी करायची. ज्याने नवऱ्याला त्रास होईल ते गाळायची आणि ज्याने तिला त्रास होईल तेही. कल्लाप्पा तिच्या तोंडाकडे बघून मान हलवायचा. ऐकू न येणारा माणूस पहिल्यांदा मान हलवायला शिकतो, कारण तेवढ्यावर जग पुढे जातं.

अकरा वर्षांपूर्वी सासूच्या तेराव्याला धाकटा दीर शिवाप्पा आला होता. एस.टी.त ड्रायव्हर. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, मिरजेत भाड्याच्या खोलीत एकटा. मागावर तो कधी उभा राहिला नाही, त्यामुळे मुकी बोली त्याला येत नव्हती, आणि वरच्या ओठावर अशी झुपकेदार मिशी होती की खालचं काही दिसायचं नाही. तो म्हणाला, "आण्णा, मला वाटा नको. सुखात राहा. मागली खोली तेवढी माझ्यासाठी ठेव. रिटायर झालो की येतो."

मालनने ओठांवर सांगितलं, 'वाटा नको म्हणतात. सुखात राहा म्हणतात.'

कल्लाप्पाचे डोळे भरून आले. त्याने जोरात मान हलवली.

सहा महिन्यांनी शिवाप्पा वळकटी आणि दोन भांडी खोलीत ठेवायला आला, तेव्हा मागल्या खोलीत कल्लाप्पाचे स्वतःचे चार माग चालू होते. कल्लाप्पा एका मागाखाली वाकून पट्टा बसवत होता. शिवाप्पा दारात उभा राहून दोनदा ओरडला, मालनने दिलेलं पाणी प्यायला आणि वळकटी घेऊन परत गेला. तो आला होता हेही मालनने सांगितलं नाही. तेव्हापासून शिवाप्पाच्या लेखी आण्णा शब्द देऊन फिरलेला माणूस होता, आणि कल्लाप्पाच्या लेखी शिवा काही कारण नसताना येणं-जाणं तोडून बसलेला. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर होतं.

चष्मा आणला तो मुलीने. प्रणाली सत्तावीस वर्षांची, पुण्याला शिकून ऑडिओलॉजिस्ट होऊन आली होती. गावात तिला 'कानाच्या मॅडम' म्हणत. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ती सध्या दोन दिवस बसायची, पण तिचं स्वतःचं क्लिनिक घरातच होणार होतं. मागल्या खोलीतले चार माग गेल्या वर्षी भंगारात गेले होते आणि भिंतींना जाड फोम बसवणं चाललं होतं. कान तपासायला शांत खोली लागते, आणि इचलकरंजीत शांत खोली मिळणं म्हणजे समुद्रात कोरडी जागा शोधणं. गल्लीपासून दोन भिंती आत असलेली ती एकच खोली होती.

"पप्पा, हा तुमचा आलेख," तिने कागद पुढे केला. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि चार हजार हर्ट्झच्या आकड्यापाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. "तुम्हाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. बरोबर?"

"तुझ्या आईचं उलटं हाय," कल्लाप्पा म्हणाला. "तिचे शब्द येतात, आवाज येत न्हाई."

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक पोकळी असते आणि तिच्यात काही हजार बारीक केसाळ पेशी ओळीने उभ्या असतात. आवाजाची लाट आली की त्या वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. प्रत्येक पेशीची आपली पट्टी ठरलेली. सततच्या खडखडाटाने ज्या आधी मरतात त्या उंच पट्टीच्या, आणि नेमक्या त्याच पट्टीत स, श, त, क अशी व्यंजनं राहतात. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे वाचतात. म्हणून अशा माणसाला समोरचा काहीतरी बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. जुनी यंत्रं सगळंच मोठं करायची. भांड्यांचा आवाज मोठा, पंख्याचा मोठा, शब्द होता तिथेच.

'सोबती' नावाचा हा नवा चष्मा वेगळ्या वाटेने जात होता. काडीत कानाचं यंत्र आणि काचेच्या कडेला तांदळाएवढा कॅमेरा. कॅमेरा समोरच्याचे ओठ बघायचा, माइक आवाज घ्यायचा, आणि या ओठांना जो आवाज जुळतो तेवढाच उचलून बाकीचा गोंगाट खाली दाबायचा. घरच्यांचे आवाज तो दोन-तीन आठवड्यांत शिकायचा. मग गोंगाटात एखादा शब्द बुडाला तरी ओठांवरून तो ओळखायचा आणि त्याच माणसाच्या आवाजात तयार करून कानात घालायचा. प आणि ब ओठांवर सारखेच दिसतात, क तर दिसतच नाही. तिथे मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज. थोडक्यात, कल्लाप्पा आयुष्यभर जे करत आला तेच, फक्त याला तोंडातल्या सुपारीचा राग नव्हता.

"म्हणजे माझ्या जागी याला बदलीवर घेतलं म्हणा," मालन म्हणाली.

"तुला पेन्शन, मम्मी," प्रणाली म्हणाली.

पहिल्या पंधरा दिवसांत कल्लाप्पाने खूप मजा केली. एकटा बँकेत गेला आणि मॅनेजरशी पाऊण तास बोलून आला. पेपरवाल्याला, दूधवाल्याला, वायरमनला अडवून अडवून त्यांच्या घरची चौकशी केली. आणि तिसऱ्या आठवड्यात एक घटना घडली ती त्याने कुणालाच सांगितली नाही.

शेजारच्या मगदूमबाई उसनं मुसळ परत करायला आल्या होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या. मालनने त्यांच्या पाठीमागून नेहमीप्रमाणे ओठ हलवले, 'आता ही सुनेचं पुराण काढणार, तुमी दमल्यासारखं करा.' आणि कल्लाप्पाच्या कानात मालनचा आवाज आला. किंचित खरखरीत, शब्दाचं शेपूट वर उचलणारा. शेजारणीशी, फोनवर, भाजीवाल्याशी ती आवाजात बोलायची, तिथून चष्म्याने तो शिकून घेतला होता. खोलीत ती मुकीच होती. त्याच्या कानात मात्र ती बोलत होती, कुजबुजल्यासारखी, अगदी जवळून. मागावर भेटल्यापासून तिचा आवाज त्याने असा कधी ऐकलाच नव्हता. तो दमल्यासारखं करायचं विसरला आणि मगदूमबाईंनी सुनेचं पुराण काढलं.

हे प्रणालीला सांगायला हवं होतं. यंत्र बनवणाऱ्यांनाही याची कल्पना नव्हती, कारण आवाज अजिबात न काढता अख्खी वाक्यं बोलणारी माणसं त्यांनी कुठे तपासली असणार? पण सांगितलं तर मालन सावध होईल आणि कानातली कुजबुज बंद होईल, असा कल्लाप्पाने पोक्त विचार केला. फायदा ज्याला होतो तो शोध जाहीर करत नाही.

मालनला दुसरंच जाणवत होतं. चाळीस वर्षं हा माणूस तिच्या तोंडाकडे बघत आला होता. बघितल्याशिवाय त्याला कळायचंच नाही. भाकरी करताना, मीठ विचारताना, रागाने बोलतानासुद्धा त्याचे डोळे तिच्यावर असायचे. आता ती आवाजात काही बोलली की तो पेपरमधून डोळे न काढता "हं" म्हणायचा. फायद्याच्या यादीत तिने हे धरलं नव्हतं, कारण हे आपल्याकडे आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

"रविवारी काकांना जेवायला बोलावलंय," एका सकाळी प्रणालीने जाहीर केलं.

मालनच्या हातातली कणीक थांबली. "कुठल्या काकांना?"

"किती काका आहेत मला? शिवाकाका. मिरजेच्या कॅम्पात तपासायला आले होते. चौतीस वर्षं उजव्या खिडकीशी बसून गाडी चालवली, उजवा कान गेलाय. त्यांनाही सोबती दिलाय. आधी मिशी कापायला लावली, बोटभर."

"शिवानं मिशी कापली?" कल्लाप्पा उठून उभाच राहिला.

"मिशी पाहिजे की पंगत, असं विचारलं मी." मग तिने पंगत समजावून सांगितली. दहा माणसं जेवायला बसली की प्रत्येकाच्या चष्म्याला वेगवेगळी तोंडं दिसतात. पंगत चालू केली की सगळे चष्मे आपापलं ऐकलेलं एकत्र घालतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. छोटं रेडिओ स्टेशनच, पंगतीपुरतं. "गावातली पहिली पंगत आपल्या घरात होणार. अकरा वर्षं झाली ना? पुरे झालं की आता!"

कल्लाप्पा दाराकडे बघत म्हणाला, "येऊ दे. मी काय नको म्हटलंतं त्याला?"

मालन कणीक मळत राहिली. गोळा त्या दिवशी फार मऊ झाला.

चष्मा मुक्या ओठांनाही आवाज देतो हे कल्लाप्पाला माहीत होतं. पंगतीत एकाचं ऐकलेलं सगळ्यांना जातं हेही माहीत होतं. या दोन गोष्टींची बेरीज त्याने केली नाही. आणि मालनला पहिली गोष्टच ठाऊक नव्हती. तोंडातून आवाज काढला नाही की शेडबाहेरच्या माणसाला कळत नाही, यावर तिचा संसार उभा होता.

रविवारी दुपारी बाराला शिवाप्पा आला. पायरीवर दोघे भाऊ क्षणभर थांबले. कल्लाप्पा त्याच्या वरच्या ओठाकडे बघत राहिला. बासष्ट वर्षांच्या भावाचा तो ओठ तो मिशी फुटल्यानंतर पहिल्यांदाच बघत होता.

"आयचा ओठ हाय रे तुझा," तो म्हणाला.

"तू बघितलास कुठं कधी," शिवाप्पा म्हणाला आणि चपला काढून आत आला.

पुरणपोळी, कटाची आमटी, तांदळाच्या कुरड्या. दोघे भाऊ समोरासमोर, प्रणाली मध्ये, आणि मालन स्वयंपाकघराच्या दारात, कल्लाप्पाला नीट दिसेल अशी. चाळीस वर्षांची तिची जागा ती. प्रणालीने फोनवर पंगत चालू केली. "ऐकू येतंय दोघांना?"

"पंख्याचा आवाज कमी झाला," शिवाप्पा कौतुकाने म्हणाला. "वहिनी, आमटी झकास."

"वाढतो की अजून, भावजी," मालन म्हणाली.

थोडा वेळ एस.टी.च्या जुन्या गाड्यांचं, मग कुणाकुणाच्या गुडघ्यांचं झालं. मग शिवाप्पाने चौथी पोळी मोडता मोडता सहज म्हटलं, "मागं फोम लावलाय म्हणं खोलीला. पोरीचा दवाखाना तिथंच काय?"

मालनने ओठ हलवले. तेच मोठे, ताणलेले ओठ, आवाज काडीचाही नाही. 'खोलीचं निघालं तर नुसती मान हलवा. तुमी काही विचारू नका. मी बघतो पुढचं.'

शिवाप्पाचा घास हातातच राहिला.

"काय बघणार, वहिनी?"

कल्लाप्पाने डोळे मिटून घेतले. बेरीज झाली होती.

मालन दाराची चौकट धरून उभी होती. "मी कुठं काय बोललो?"

"आत्ता बोललासा की! खोलीचं निघालं तर मान हलवा म्हणून. इथं, कानात."

"थांबा थांबा थांबा!" प्रणाली जवळजवळ ओरडली. तिचे डोळे चमकत होते. "मम्मी बोललीच नाही. मी इथं बसलेय, माझे कान ठीक आहेत. काका, नुसत्या ओठांवरून आलं? अख्खं वाक्य? पप्पा, हे आधी झालंय कधी?"

"तीन आठवडे झाले," कल्लाप्पा खाली बघून म्हणाला.

"तीन आठवडे! आणि सांगितलं नाहीत?" तिने खरकट्या हाताने फोन ओढला आणि त्यात मान घातली. कुठली आवृत्ती, किती टक्के खात्री, असलं काहीतरी ती पुटपुटत होती. घर कोसळत असताना विजेचं मीटर बघणारी माणसं असतात, त्यातली ती.

"कसली खोली, शिवा?" कल्लाप्पाने हळू विचारलं.

"आता कसली म्हणतोस? आयच्या तेराव्याला मी मागितलेली. वाटा नको, मागली खोली ठेव म्हटलं. तू मान हलवलीस."

"मी सुखात राहा म्हटल्याला मान हलवली."

दोघांनी मिळून दाराकडे बघितलं. मालनने एकदा मुलीकडे पाहिलं. ती फोनमध्ये होती. मग मालनने नवऱ्याच्या चष्म्यात सरळ बघितलं आणि ओठ हलवायला सुरुवात केली. या वेळी चुकून नाही. आपलं बोलणं दोन बहिऱ्यांना ऐकू जातं आणि धडधाकट कानांच्या मुलीला जात नाही, हे तिला दोन मिनिटांपूर्वी कळलं होतं, आणि कळलेलं लगेच वापरायची तिला सवय होती.

'भावजी, तुमी मागितलीसा ते मी यांना सांगितलं न्हाई. तेराव्याच्या थोडं आधी शाळेत कान तपासायला आलेते. सोळा वर्षांची पोर, तिच्या कानाला यांच्यासारखाच खड्डा पडायला लागलाय म्हणाले. माग तवा पुढच्या खोलीत होते, पोर भिंतीला लागून झोपायची, तिथंच अभ्यास. माग लांब न्या, नाहीतर पंचविशीत बहिरी होईल म्हणाले. यांना सांगितलं. हे म्हणाले, ऐकू कमी आल्यानं कोण मेलंय? लांब न्यायला मागली खोली सोडून जागा कुठली? मी मागं लागून तिथं हलवायला लावले. तुमचा शब्द यांना कळला असता तर यांनी तो पाळला असता. म्हणून कळू दिला न्हाई. तुमी वळकटी घेऊन आलासा तेही न्हाई सांगितलं. चूक म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पोरीला मात्र सांगू नका. तिला तिच्या कानांचं ओझं होईल.'

शिवाप्पा ताटाकडे बघत होता. त्याने कापलेल्या मिशीवरून उगाच बोट फिरवलं.

कल्लाप्पाला तो कागद आठवला. शाळेतून आलेला, घडी घातलेला. त्याने तो वाचला होता, आणि तेव्हाही मान हलवली होती.

प्रणालीने डोकं वर काढलं. "काय म्हणाली मम्मी? मधेच बघितलं तर ओठ हलत होते, पण मला कळलं नाही. तुम्हा दोघांना आलं ना ऐकू? सांगा की!"

त्या घरात पहिल्यांदाच कान चांगले असलेल्या माणसाला दुभाष्याची गरज पडली होती. कल्लाप्पाने घसा खाकरला. बायकोकडे बघितलं. ती काही सुचवत नव्हती.

"म्हणाली," तो सावकाश बोलू लागला, "शिवानं खोली मागितलेली मला सांगायचं राहून गेलं. म्हणून आमचं असं झालं."

ते सगळं खरं होतं. फक्त सगळं नव्हतं. इतकी वर्षं जे काम त्याला सोपं वाटत होतं ते किती अवघड आहे, हे त्याला पहिल्याच वाक्यात कळलं.

"एवढंच? केवढा वेळ बोलत होती!"

"पोळी घ्या, असंबी म्हणाली," शिवाप्पा म्हणाला. "वाढा वहिनी. तूप जरा जास्त."

मालनने पोळी वाढली. ती भावजींच्या ताटाच्या थोडी बाहेर पडली, कारण तिला नीट दिसत नव्हतं.

"खोली आता पोरीच्या दवाखान्याची हाय, शिवा," कल्लाप्पा म्हणाला.

"मी कुठं मागतोय? मिरजेत बरं चाललंय माझं." आणि मग प्रणालीकडे वळून, "तुझं कसं हाय? तू तपासतीस काय स्वतःचे कान कधी?"

"दरवर्षी, काका. एकदम फर्स्ट क्लास."

"मग झालं," शिवाप्पा म्हणाला आणि पोळी खाऊ लागला.

पण सोबती जे ऐकतो त्याची नोंद ठेवतो. यंत्र कुठे चुकलं ते तपासून दुरुस्त करता यावं म्हणून ती महिनाभर राहते, आणि बघायचा अधिकार कानाच्या मॅडमला असतो. दोघा भावांनी तशी सही केली होती. मंगळवारी दवाखान्यात प्रणालीने रविवारची नोंद उघडली. निव्वळ ओठांवरून यंत्राने किती शब्द बरोबर पकडले, एवढंच तिला मोजायचं होतं. मालनचे शब्द रांगेने पडद्यावर आले. तिने ते एकदा मोजत वाचले आणि एकदा न मोजता.

मग तिने कपाटातून स्वतःची फाइल काढली. सोळाव्या वर्षीचा शाळेतला आलेख आणि त्यानंतरचे दरवर्षीचे. चार हजारांपाशी एक छोटा खळगा. अकरा वर्षांत तो एका डेसिबलनेही खोल गेला नव्हता. हा खळगा पाहूनच ती या विषयाकडे वळली होती, आणि आपण वेळीच सावध झालो म्हणून वाचलो, असं ती प्रत्येक पेशंटला अभिमानाने सांगायची.

त्या संध्याकाळी ती घरी आली, मागल्या खोलीत जाऊन दोन टाळ्या वाजवल्या आणि बाहेर येऊन म्हणाली, "पप्पा, ही खोली घुमते. टेस्टला चालायची नाही."

"एवढा फोम लावून घुमते?"

"घुमते. मशीन सांगतं. मी पुढच्या खोलीत बसेन. इथं काकांना राहू दे, भाडं भरून मिरजेत कशाला पडलेत? फोम आहेच, झोप चांगली लागेल."

कल्लाप्पाने बायकोकडे बघितलं. मालन मुलीकडे बघत होती. चाळीस वर्षं गाळून सांगण्याचं काम केलेल्या बाईला, समोरच्याने काय गाळलं हे ओळखायला किती वेळ लागणार? पण तिने विचारलं नाही. चौथा माणूस गाळायला शिकला होता, आणि घर पहिल्यापेक्षा शांत होतं.

शिवाप्पा पुढच्या महिन्यात आला. तीच वळकटी, भांडी मात्र दोनाची सात झाली होती. चौतीस वर्षं इंजिनाशेजारी काढल्यामुळे त्याला फोमच्या खोलीत झोप येईना. तो दार सताड उघडं टाकून झोपतो.

तर हे कुणाला केवढ्याला पडलं ते बघू. प्रणालीचे कान वाचले, त्याचे अकरा हप्ते शिवाप्पाने मिरजेतल्या एका खोलीत एकट्याने भरले, आणि ते परत करायची सोय कुठल्याही यंत्रात नाही. प्रणालीने गावातली एकुलती एक शांत खोली दिली. आता तिचं क्लिनिक रस्त्याला लागून आहे आणि गल्लीतले माग आठवड्यातून ज्या एका दिवशी बंद असतात, त्याच दिवशी तिला कान तपासता येतात. पेशंट दोन-दोन महिने थांबतात. मालनची ड्युटी गेली. बहिणीकडे ती चार दिवस म्हणून गेली होती, दुसऱ्या दिवशीच परत आली.

आणि कल्लाप्पा? तो रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तासभर चष्मा काढून ठेवतो. पंगत बंद, नोंद बंद, दूधवाला दारात ओरडला तरी ऐकू येत नाही. तो खुर्ची ओढून मालनच्या समोर बसतो आणि तिच्या तोंडाकडे बघतो. कानातली ती कुजबुज त्या तासापुरती त्याने सोडली आहे. मालन बोलते. काय बोलते ते त्या दोघांशिवाय कुणालाही कळत नाही.

फक्त एक फरक आहे. तिचं बोलून झालं की तो पूर्वीसारखी मान हलवत नाही. थोडा पुढे वाकतो आणि म्हणतो, "परत सांग. सगळं सांग."